फुगवलेला काचेचा फुगा रात्रीतून तडकतो, नेमकं काय चुकते?

प्रयोगशाळेतली ताई (दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ)

नमस्कार. प्रश्न शेवटी आहे, पण आधी थोडं सांगावंच लागेल, नाहीतर चूक कुठं होते ते तुम्हाला कळणार नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा परिचर आहे, १४ वर्षं झाली. अकरावीची नवी मुलं आली की काचनळी कापणं, वाकवणं आणि तिचा जेट म्हणजे बारीक टोक ओढणं हे आमच्याकडं मीच करून दाखवते. सर फळ्यावर आकृती काढतात, हात माझे चालतात. तिकोनी कानशीनं एकच ओरखडा, त्यावर ओलं बोट, दोन्ही अंगठे ओरखड्याच्या मागं, आणि नळी मोडायची नाही, ओढत मोडायची. एवढं मला डोळे मिटून येते.

फुंकायला लागले ती एका वस्तूपायी. भौतिकशास्त्राच्या कपाटात एक काचेचा पाणबुड्या होता. बोराएवढा पोकळ फुगा, त्याला खाली वाकडी शेपटी, शेपटीच्या टोकाला सुईएवढं भोक. पाणी भरलेल्या उंच बरणीत सोडायचा, तोंडावर रबर ताणून बांधायचं. रबर दाबलं की पाणबुड्या तळाशी जाणार, सोडलं की शेपटीतून पाणी बाहेर फेकत, गिरक्या घेत वर येणार. नोकरीच्या पहिल्याच वर्षी धुताना तो माझ्या हातून फुटला. कोणी रागावलं नाही. फुटतुटीच्या वहीत एक ओळ लिहिली गेली, बस. तेव्हापासून आम्ही मुलांना ड्रॉपर आणि प्लास्टिकची बाटली घेऊन तोच प्रयोग दाखवून राहिलो. ड्रॉपर खाली-वर होते, पण फिरत नाही. गिरकी पाहून मुलांचे डोळे जसे व्हायचे, तसे ड्रॉपर पाहून होत नाहीत. पुरवठादाराकडं विचारलं, तर ती वस्तू आता यादीत नाही म्हणाले. मग ठरवलं, आपणच करू.

घरामागं टिनाची सपरी आहे, पूर्वी तिथं गाय बांधायचो. दिवाळीनंतर गावातल्या सोनारदादांनी नवं सामान घेतलं, तेव्हा त्यांचा जुना गॅसचा टॉर्च आणि पायानं दाबायचा भाता मी विकत घेतला. ५ किलोचं सिलिंडर आहे. काच म्हणजे ८ मिलिमीटरची साधी नळी, यवतमाळहून किलोवर आणते. शिवाय कॉलेजात तोंड फुटलेल्या टेस्ट ट्यूब निकामी म्हणून निघतात, त्या सरांना विचारून घरी आणते.

पहिला दीड महिना मी फुंकलंच नाही, नुसतं फिरवलं. काच तापली की गुळाच्या पाकासारखी होते, हात थांबला की खाली लोंबते. दोन्ही हात एकाच वेगानं फिरले पाहिजेत, आणि माझा उजवा हात पुढं पळतो. जन्मभर भाकरी थापताना तोच पुढं असतो, त्याचं असेल. मग दोन पेन्सिली घेतल्या, त्यांच्यामध्ये चार बोटं सुती कापडाची पट्टी बांधली आणि रात्री जेवणं झाल्यावर बसून फिरवत राहिले. पट्टीला पीळ पडला की समजायचं, एक हात पुढं गेला. पंधराव्या-सोळाव्या दिवशी पट्टी सपाट राहायला लागली. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण ते कामाला आलं, म्हणून लिहिते. शिकणाऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल.

मग फुंकलं. पहिल्यांदा ज्योतीत धरूनच फुंकलं, तर एका बाजूनं बुडबुडा निघाला, फट्‌ करून फुटला आणि अभ्रकासारख्या पापुद्र्यांचा पाऊस सपरीभर पडला. तेव्हापासून चष्म्याशिवाय बसत नाही. आता ज्योतीतून बाहेर काढून फुंकते. १०० पानी वही केली आहे. तारीख, कोणती काच, किती वेळ तापवली, फुगा केवढा झाला, कसा मेला. ६४ फुगे झाले. त्यातले ३१ फुंकतानाच गेले, ते मी धरतच नाही, तो हात बसण्याचा खर्च आहे. उरलेले ३३ चांगले गोल झाले होते. ते मी चुलीतल्या गरम राखेत पुरले, मोठ्या गंजात म्हणजे पातेल्यात, वरून झाकण. सकाळी काढले तर २२ तडकलेले. काही तर रात्रीच बोलतात. अंथरुणावर पडल्या-पडल्या 'टिक्‌' असा आवाज येते आणि कळते, गेला.

गेलेल्यांपैकी बऱ्याच फुग्यांना मानेपाशी गोल तडा आहे, करगोट्यासारखा. काहींना पोटावर आडवा-तिडवा. मोठा फुगा पाहिजे असला की मी टेस्ट ट्यूबचं बूड घेते आणि त्याला ८ मिलिमीटरची नळी जोडते, कारण नुसत्या नळीतून मोठा फुगा निघत नाही. टेस्ट ट्यूब तापायला फार वेळ घेते, तोवर नळी वाहायला लागते, म्हणून जोड थोडा ओबडधोबड होतो.

राख कमी गरम असते का? की पावसाळी हवेचं काही आहे? कोणाला या कामातलं कळत असेल तर सांगा. वहीतले आकडे पाहिजे असले तर टाकते.


नळीवाले काका (निवृत्त, नागपूर; मूळ गाव हिंगणघाटजवळ)

ताई, मी ३२ वर्षं एका महाविद्यालयाच्या रसायन विभागात काच फुंकायचं काम केलं. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. उत्तर तुम्ही स्वतःच लिहून ठेवलं आहे, फक्त ओळखलं नाही. 'टेस्ट ट्यूब तापायला फार वेळ घेते, तोवर नळी वाहायला लागते.' त्या दोन वेगळ्या काचा आहेत.

तुमची किलोवर मिळणारी नळी सोडा काच आहे. टेस्ट ट्यूब बहुतेक बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता सोसणारी काच, असणार. सोडा काच साधारण ७०० अंशांच्या पुढं मऊ पडते, बोरोसिलिकेटला ८२० लागतात. पण फुगा त्यामुळं तडकत नाही. तडकतो तो आकसण्यामुळं. सोडा काच थंड होताना बोरोसिलिकेटच्या जवळजवळ पावणेतीनपट आकसते. दोन्ही लाल असताना जोड बसतो, दिसतोही चांगला. थंड होताना एक आत ओढते, दुसरी ओढू देत नाही. तुमचा मानेवरचा करगोटा तो. जगातली कुठलीही राख त्याला वाचवू शकत नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, घरी तपासा. काचेचा तुकडा पुसून सोयाबीनच्या तेलात बुडवा. बोरोसिलिकेट असेल तर तो दिसेनासा होईल, कारण दोघांचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड वाकवण्याचं माप, १.४७ च्या आसपास आहे. सोडा काचेचा १.५१-१.५२ असतो, तिच्या कडा तेलातही दिसत राहतात. प्रयोगशाळेत ग्लिसरीन असेल तर त्यातही होईल.

दुसरी तपासणी आम्ही रोज करायचो. दोन्ही काचांचे बारीक तुकडे शेजारी-शेजारी चिकटवायचे, तापवायचे आणि हातभर लांब तार ओढायची. एकाच जातीच्या असतील तर तार सरळ राहते. वेगळ्या असतील तर थंड होता-होता धनुष्यासारखी वाकते, आणि जी जास्त आकसते ती आतल्या बाजूला असते. तार वाकली की ती जोडी सोडून द्यायची. लोक म्हणतात बघू, चालेल. चालत नाही.

तेव्हा टेस्ट ट्यूब बाजूला ठेवा. तुमच्या भात्याच्या हवेवर बोरोसिलिकेट नीट काम देणारही नाही, त्याला ऑक्सिजन लागतो. मोठा फुगा पाहिजे तर सोडा काचेचीच १२ किंवा १५ मिलिमीटरची नळी आणा.

आता पोटावरचे तडे. ते दुसरं दुखणं आहे. तिथं काच एकीकडं जाड, एकीकडं पातळ असणार. पातळ बाजू आधी निवते आणि घट्ट होते, जाड बाजू नंतर आकसायला जाते आणि तिला जागाच राहत नाही. तो ताण आत कोंडून राहतो. रात्री का फुटतो, तर हवेतला ओलावा ताणलेल्या काचेवरची बारीक चीर हळूहळू पुढं ढकलतो. म्हणजे पावसाळ्याचा तुमचा अंदाज अगदीच चूक नाही, पण ओलावा फक्त शेवटचा धक्का देतो.

फुंकताना एक करून पहा. नळीचं टोक बंद करा, मग तापवता-तापवता दोन्ही हातांनी किंचित आत ढकला, भिंत दुप्पट जाड होऊ द्या. ही काच गोळा करायची पायरी तुम्ही बहुधा गाळता. मग ज्योतीबाहेर काढा, फिरवत राहा, आणि लगेच फुंकू नका. एक-दोन मोजा. तेवढ्यात पातळ जागा आधी निवते आणि जरा अडते, जाड जागा गरम राहते आणि तीच फुगते. काच आपली आपण समान होते. घाई केली की उलट होते, पातळ जागा आणखी पातळ होते. आणि गालानं फुंका, छातीनं नाही. छातीचा जोर काचेला फार होतो. नळी तोंडात असताना श्वास आत ओढायचा नाही, हे सगळ्यात आधी.

राखेत पुरण्याऐवजी भात्याची हवा बंद करा. ज्योत पिवळी, धुराची होईल. त्या ज्योतीत फुगा फिरवत राहा, काजळीनं पूर्ण काळा होईपर्यंत. साध्या सोडा काचेसाठी ही जुनी रीत आहे, आम्हीही भट्टी बंद असली की हेच करायचो. त्यानंतर वारा नसलेल्या जागी, कोरड्या गरम विटेवर. काजळी नंतर पुसून निघते.


प्रयोगशाळेतली ताई

काका, तुमचं उत्तर वाचलं तेव्हा भाजीला फोडणी द्यायची होती. तेलाची वाटी समोरच होती. टेस्ट ट्यूबचा तुकडा चिमट्यानं आत सोडला.

गेला. चिमटा दिसते, काच दिसत नाही. नळीचा तुकडा टाकला, तो तसाच दिसते. मुलाला हाक मारली, त्यानं वाटीत बोट घालून पाहिलं, मग मला ओरडा मारावा लागला. काच ती काच.

रात्री तारही ओढली. वाकली, चांगली अर्धा गोल झाली. ती मी वहीच्या पानावर चिकटपट्टीनं लावून ठेवली आहे.

वही उघडून परत मोजलं. मानेशी तडकलेले १५ फुगे, आणि १५ च्या १५ टेस्ट ट्यूबचे. आठ महिने मी राखेला दोष देऊन राहिले. रकान्यात 'कोणती काच' असं मी लिहीत होते, पण तो रकाना कधी उलटून वाचलाच नाही.


भात्यावरचा भाऊ (पुसदकडचा, सोनारकाम)

ताई, काचेचं मले कळत नाई, पण ज्योत कळते. सपरी तीन बाजूनं उघडी हाय का नाई ते तुमी नाई लिहिलं. उघडी असन तर पयले ते बंद करा. वाऱ्याचा एक झोत आला का सोन्याचा डाग बिघडते, काचेचं तर काय सांगता. आमी टेबलाच्या तिन्ही बाजूनं टिन उभं करतो, वर मोकळं ठेवतो. गॅस हवेपरीस जड राहते, खाली साचते, म्हणून खालून फट पायजेच. खड्ड्यात नाईतर बंद खोलीत हे काम करू नका.

भाता दाबताना पाय एका तालात पायजे. तुमची ज्योत कमी-जास्त होत असन तर काच एकीकडून जास्त तापन. मी शिकत होतो तवा बाबा मले सांगे, पाय विसरून जाय. पायाकडं ध्यान गेलं का हात चुकते. वाटलं तर छोटा ब्लोअर लावा, पण लाइट गेली का तो बंद, भाता बंद होत नाई.

घरचं स्वयंपाकाचं सिलिंडर याले लावू नका, कायद्यानंबी नाई चालत. पाइप दर साल बदला, जोडावर साबणाचं पाणी लावून पाहात जा. आन साडीचं एक सांगतो, राग नका मानू. टेरिकॉटचा पदर घेऊन ज्योतीसमोर बसू नका. सुती घाला, आन पदर खोचून घ्या.

ऑक्सिजन पायजे असन तर आमच्याकडं मिळते सिलिंडर, सांगा.


नळीवाले काका

भाऊंचं सगळं पटलं, ऑक्सिजन सोडून. ताई, आत्ता नको. पाणबुड्यासाठी त्याची गरज नाही, आणि त्या सिलिंडरच्या तोंडाला तेलाचा हात लागला तरी आग होऊ शकते. ज्या घरात फोडणीची वाटी टेबलाजवळ असते तिथं तर नकोच.

भाऊंनी ज्योतीचं काढलं म्हणून आठवलं. सोडा काच तापवताना डोळ्यासमोर जो पिवळा भगभगाट होतो तो काचेतल्या सोडियमचा, त्यात काचेची कड दिसत नाही. त्यासाठी डिडिमियमचा जांभळट चष्मा येतो, तो फक्त तेवढा पिवळा गाळतो आणि मागची काच स्वच्छ दिसते. महाग आहे, पण घेतलात तर सहा महिन्यांचं शिक्षण महिन्यात होईल. माझा पहिला चष्मा मिळाला त्या दिवशी मला वाटलं, इतकी वर्षं मी धुक्यात काम करत होतो.


रिवायंडिंगवाला (वणी)

मी मोटारी बांधतो. ताईंना काच हळूहळू निववायला पुढंमागं भट्टी करायची असेल तर माझा अनुभव सांगतो. मी एक छोटी पेटी केली आहे, पुतण्याच्या मातीच्या खेळण्यांसाठी. हलक्या वजनाच्या भट्टीच्या विटा, त्यात करवतीनं खाच, खाचेत नायक्रोमची तापणारी कॉइल, आतलं तापमान मोजायला के टाइप थर्मोकपल आणि ते राखायला कंट्रोलर. पेटीला अर्थिंग पाहिजे, आणि झाकण उघडलं की पुरवठा बंद होईल असा स्विच. कॉइलमध्ये करंट असताना चिमटा आत घालायचा नाही.

सोडा काचेला किती लागेल ते नळीवाले काका सांगतील, मी वाचलं ते ५४०-५५० अंश. भारनियमनाची भीती वाटत असेल तर विटांची जाडी वाढवा. माझी पेटी लाइट गेल्यावरही हळूहळूच निवते, आणि तुम्हाला तेच पाहिजे आहे.

एक मात्र. शाळा-कॉलेजातल्या जुन्या तारेच्या जाळीवर मधोमध पांढरा गोल असतो, तो ॲस्बेस्टॉसचा असू शकतो. जुने पत्रेही तसेच. भट्टीला अस्तर म्हणून ते कोणी सुचवलं तर घेऊ नका. त्याची धूळ फुप्फुसात बसते.


नळीवाले काका

५५० बरोबर. पंधरा-वीस मिनिटं तिथं धरायचं, मग अर्ध्या तासात ४५० वर आणायचं, पुढं बंद करून सकाळपर्यंत झाकण उघडायचं नाही. एवढ्या पातळ कामाला ते पुरे आहे. थर्मोकपल नसेल तर त्याच नळीची बारीक काडी ओढून दोन तुकड्यांवर आडवी ठेवा. काडी मधून किंचित झुकायला लागली की समजा पोचलात, आता वाढवू नका. फुगाही थोड्या वेळात झुकेल.

ताण राहिला की गेला ते डोळ्यांनी पाहता येते. बारावीच्या कपाटात पोलेरॉइडच्या, म्हणजे उजेड गाळणाऱ्या, दोन चकत्या असतील. एक दुसरीवर फिरवून काळोख करा, मध्ये फुगा धरा. ताण नसेल तर काळोखच राहील. असेल तिथं उजेड चमकेल.


प्रयोगशाळेतली ताई

सहा आठवड्यांनी लिहिते आहे. मध्ये सोयाबीन निघालं, मग चाचणी परीक्षा, शनिवार-रविवारच हाती येत होते.

भट्टी अजून केली नाही. काजळीची रीत, गरम वीट, आणि त्यावर उलटं ठेवलेलं मातीचं गाडगं, आधी चुलीवर तापवून घेतलेलं. सपरीला दोन बाजूंनी टिन लावलं. १२ मिलिमीटरची नळी आणली, आणि आणली त्या दिवशीच तिचा तुकडा तेलात टाकून पाहिला.

२३ फुगे झाले. ३ तडकले. तिन्ही मी फेकले नाहीत, भिंगाखाली पाहिले. पहिल्यात एका ठिकाणाहून चांदणीसारखे तडे फुटले होते. ती जागा विटेला टेकलेली, आणि त्या दिवशी वीट मी तापवली नव्हती. दुसऱ्यात तडा शेपटीच्या मुळाशी, तिथं काचेची गाठ राहिली होती, फुग्याच्या भिंतीच्या तिप्पट जाड. तिसऱ्याचं कारण सापडत नव्हतं. पोटावर एक लांब वळसा, बाकी काच एकसारखी. मग आठवलं, काजळी धरायच्या आधी पाऊस आला आणि मी तो तसाच घेऊन दारातून आत पळाले होते. वहीत आता एक नवा रकाना आहे, 'तडा कुठून निघाला'. पूर्वी मी फक्त तडकला, एवढंच लिहायची. तडा निघतो ती जागा लिहायला लागल्यापासून फुगा तडकला तरी काहीतरी देऊन जातो.

एक-दोन मोजून फुंकायचं सांगितलं ते सगळ्यात मोठं निघालं. 'एक-दोन' फार लांब असते, काका. पहिल्या दिवशी मला धीरच निघेना, दर वेळी 'एक' वरच फुंकलं. मग मनात मोजण्याऐवजी मोठ्यानं म्हणायला लागले. तोंडातून नळी काढून म्हणायचं, 'एक, दोन', मग नळी तोंडाला. तोंड रिकामं असल्याशिवाय आकडा म्हणता येत नाही, म्हणून घाई करताच येत नाही. त्या दिवसापासून फुगे गोल व्हायला लागले.

पोलेरॉइड पाहिले. चांगल्या फुग्यात काळोख. पण मानेशी एक बारीक पांढरी कड चमकते, सगळ्यांत. तडकत नाही, पण आहे. ती पाहून मला त्या २२ फुग्यांचं वाईट वाटलं. त्यांच्यात केवढा उजेड असेल.

माळ्यावर सासऱ्यांच्या काळचा ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आहे. त्याची काच काढून पोलेरॉइडमध्ये धरून पाहिली. एवढी मोठी काच, किती वर्षं ज्योतीवर तापून निवलेली, आणि जवळजवळ सगळा काळोख. ज्यांनी ती केली त्यांची भट्टी कशी निवत असेल याचा विचार करत बराच वेळ बसले.

आता पाणबुड्याचं. पहिले चार सरळ बुडाले, वर आलेच नाहीत. तेव्हा तराजू आणला. १५ मिलिमीटरचा फुगा पावणेदोन ग्रॅम पाणी बाजूला सारतो. माझी भिंत १ मिलिमीटर होती, म्हणजे नुसत्या काचेचंच वजन दीड ग्रॅमच्या वर, त्यात शेपटी धरली की तरंगणार कसा. भिंत अर्ध्या मिलिमीटरवर आणली तर फुगा ग्रॅमच्या आत येते आणि तरंगायला जागा उरते. म्हणजे फुगा नुसता गोल होऊन भागत नाही, किती काच गोळा केली ते आधीच ठरलेलं पाहिजे. आता मी नळीवर स्केचपेननं दोन खुणा करते, तेवढीच काच आत घ्यायची. सातवा पाणबुड्या तरंगला. थोडा गरम करून, शेपटी पाण्यात धरून निवू दिला की आपणच थोडं पाणी आत ओढून घेते. डोकं फक्त पाण्याबाहेर राहील एवढं पाणी आत पाहिजे. रबर दाबलं, खाली गेला. सोडलं, वर आला.

फिरला नाही. कारण शेपटी सरळ आहे. ती वाकवायला गेले की भोक बुजते, नाहीतर वाकलेल्या जागी चपटी होऊन बसते. तीन गेले त्यात. काका, शेपटी आधी वाकवायची की भोक आधी करायचं?


नळीवाले काका

आधी वाकवायची. शेपटी लांब ओढून ठेवा, पाहिजे त्यापेक्षा चार बोटं जास्त, आणि टोक उघडंच राहू द्या. मोठ्या ज्योतीत नेऊ नका, भाता अगदी हळू, बारीक ज्योत. वाकवायची जागा मऊ पडली की बाहेर काढून आपल्या वजनानं झुकू द्या, बोटानं ढकलू नका. झुकता-झुकता दुसऱ्या टोकातून अगदी हलकं फुंकत राहा, म्हणजे ती चपटी होणार नाही. नुसती खाली वाकवू नका, बाजूला वळवा. पाणी कडेनं फेकलं गेलं तरच तो फिरेल.

मग पूर्ण निवल्यावर जादाची शेपटी कानशीनं ओरखडून मोडा, जिथं भोक सुईएवढं आहे तिथंच. टोकाला ज्योत दाखवायची ती एक निमिष. तुमची भोकं तिथं बुजतात. आणि त्या तीन तुटलेल्या शेपट्या ठेवल्या असतील तर त्यांचे फोटो टाका, चपट्या झाल्यात त्या जागेचे.